रेणूंचे आकार आणि ओसाकाचा विसरलेला रसायनशास्त्रज्ञ

१/ डोळ्यांना न दिसणाऱ्या रेणूचा आकार केवळ इलेक्ट्रॉनांच्या जोड्या मोजून सांगता येतो. नियम साधा आहे. मध्यवर्ती अणूच्या बाह्यतम कवचातील जोड्या एकमेकींना दूर सारतात आणि शक्य तितक्या लांब जातात. त्या मांडणीतून रेणूचा आकार ठरतो.

२/ मिथेन, अमोनिया आणि पाणी यांत मध्यवर्ती अणूभोवती चारच जोड्या असतात. मिथेनमध्ये चारही बंधांत गुंतलेल्या असल्याने कोन १०९.५ अंशांचा होतो. अमोनियात एक जोडी एकाकी राहते. कोन सुमारे १०७ अंश. पाण्यात अशा दोन जोड्या असतात; कोन १०४.५ अंश. एकाकी जोडी अधिक जागा व्यापते आणि बंधांना परस्परांजवळ ढकलते.

३/ या सिद्धान्ताचे श्रेय कोणाचे? एनसीईआरटीचे अकरावीचे पुस्तक दोन टप्पे सांगते : १९४० मध्ये सिज्विक व पॉवेल, १९५७ मध्ये नायहोम व गिलेस्पी. ही माहिती खरी आहे, परंतु अपुरी आहे.

४/ इलेक्ट्रॉन-जोड्यांची संख्या आणि रेणूचा आकार यांतील संबंध १९३९ मध्येच जपानमध्ये मांडला गेला होता. तो मांडणारे ओसाकाचे र्‍युतारो त्सुचिदा हे काही अनोळखी संशोधक नव्हते. संयुगांच्या रंगांशी निगडित असलेली ‘वर्णरासायनिक श्रेणी’ही त्यांचीच.

५/ येथे चोरीचा आरोप करण्याचे कारण नाही. ऑक्सफर्डच्या सिज्विक आणि पॉवेल यांनी तोच विचार स्वतंत्रपणे मांडला आणि अनेक ज्ञात संयुगांच्या रचनांवर तो पडताळून पाहिला. पुढे लंडनमध्ये गिलेस्पी आणि नायहोम यांनी जोड्यांच्या प्रतिकर्षणातील कमी-अधिकपणा स्पष्ट करून त्याला आजचे रूप दिले. त्सुचिदांचे नाव घेतल्याने या चौघांचे कर्तृत्व उणे होत नाही.

६/ मात्र ते नाव गाळल्याने इतिहास खोटा ठरतो. विज्ञान एकाच खंडात जन्मले आणि इतरांनी ते केवळ आत्मसात केले, असा समज विद्यार्थ्याच्या मनात नकळत रुजतो. जिथे कालक्रम सांगायचाच आहे, तिथे तो १९३९ पासून सांगावा. त्यासाठी नवा धडा नको. एक वाक्य पुरेसे आहे.