विश्लेषण : एनबीए ड्राफ्टमधील पहिल्या क्रमांकाची खरी किंमत किती?

आयपीएलमध्ये ज्याची बोली मोठी, खेळाडू त्याचा. अमेरिकेतील एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये मात्र नवे खेळाडू ड्राफ्टमधून येतात. संघ ३०, फेऱ्या दोन, आणि प्रत्येकाने आपल्या पाळीला एक खेळाडू निवडायचा. प्लेऑफ न गाठलेल्या १४ संघांत लॉटरी निघते. जो संघ जास्त हरला, त्याला वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता अधिक. त्यामुळे काही संघ हंगामाच्या शेवटी जिंकण्याची फारशी घाई करत नाहीत. याला ‘टँकिंग’ म्हणतात. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाने काय पाहायचे, हा प्रश्न वेगळाच. पण हरून मिळवलेला क्रमांक तेवढ्या मोलाचा असतो का?

सरासरी काय सांगते?

सरासरी पहिल्या क्रमांकाच्याच बाजूने आहे. हकीम ओलाजुवान (१९८४), शकील ओनील (१९९२), टिम डंकन (१९९७), लेब्रॉन जेम्स (२००३) हे सगळे पहिल्या क्रमांकाचे. क्रमांकांच्या मूल्याचा आलेख काढला, तर सुरुवातीला तो झपाट्याने घसरतो आणि पुढे जवळपास सपाट होतो. म्हणजे पहिल्या आणि पाचव्या क्रमांकात जेवढा फरक, तेवढा एकविसाव्या आणि पंचविसाव्यात नाही.

पण संघाला सरासरी मिळत नाही, एक खेळाडू मिळतो. २०१३मध्ये क्लीव्हलँडने पहिल्या क्रमांकावर अँथनी बेनेटला घेतले. तो चार हंगामांत चार संघ फिरला आणि एनबीएबाहेर गेला. त्याच ड्राफ्टमध्ये यानिस अँटेटोकुम्पो पंधराव्या क्रमांकावर मिळाला.

सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचा (एमव्हीपी) हिशोब अधिक बोलका आहे. २०१४ ते २०२५ या काळातील १२ पुरस्कारांपैकी एकही पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला मिळालेला नाही. उलट सहा पुरस्कार पहिल्या दहाच्या बाहेर निवडलेल्यांनी नेले : यानिस दोन, शाय गिल्जस-अलेक्झांडर (अकरावा) एक आणि निकोला योकिच तीन. योकिचचा क्रमांक होता ४१!

दुसरा क्रमांक शापित?

१९८४मध्ये पोर्टलँडने दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवीला घेतले आणि मायकेल जॉर्डन तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला गेला. २००३मध्ये डेट्रॉइटने डार्को मिलिचिचला निवडले, त्याच्या मागे कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड होते. यावरून शापाच्या गोष्टी रंगतात. मात्र एका क्रमांकावर वर्षाला एकच खेळाडू निवडला जातो, त्यामुळे नमुना फारच लहान. शिवाय केविन ड्युरांटही दुसऱ्याच क्रमांकाचा.

आकड्यांत आणखी एक गोम आहे. बॅरी स्टॉ आणि हा ह्वांग यांच्या १९९५च्या अभ्यासात असे दिसले, की कामगिरी सारखी असली तरी वरच्या क्रमांकावर निवडलेल्यांना खेळायला जास्त मिनिटे मिळतात आणि संघ त्यांना जास्त काळ सांभाळतो. एकदा मोठी किंमत मोजली की चूक मान्य करणे जड जाते. खालच्यांना एवढी संधी क्वचितच. २०१५मध्ये डॅलसने ५२व्या क्रमांकावर निवडलेला पंजाबचा सतनामसिंग भामरा हा ड्राफ्टमधला पहिला भारतीय, पण त्याला एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही.

हरण्याचा भाव उतरला

पूर्वी सर्वात तळाच्या संघाला पहिल्या क्रमांकाची २५ टक्के शक्यता असे. २०१९पासून तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी १४ टक्के आहे. २०२३-२४मध्ये डेट्रॉइट सलग २८ सामने हरला आणि हाती आला पाचवा क्रमांक. २०२३ आणि २०२५मध्येही तळाचा संघ पाचव्यावरच घसरला. २०२५मध्ये अवघी १.८ टक्के शक्यता असलेल्या डॅलसला पहिला क्रमांक लागला आणि कूपर फ्लॅग त्यांच्याकडे गेला.

बोस्टनने २०१७मध्ये वेगळा हिशोब केला. हातातला पहिला क्रमांक फिलाडेल्फियाला देऊन तिसरा क्रमांक आणि भविष्यातील एक पहिल्या फेरीची निवड घेतली. फिलाडेल्फियाने मार्केल फुल्ट्झला निवडले. बोस्टनने तिसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या जेसन टेटमने २०२४मध्ये त्यांना विजेतेपद मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला.