हिशेब वाचणारी लेखणी हवी

नगर-मनमाड महामार्गावर, प्रवरेच्या काठी वसलेले कोल्हार भगवतीमातेचे गाव म्हणून सर्वदूर परिचित आहे. या गावाच्या एका अंगाला लोणी, तर दुसऱ्या अंगाला राहुरी. लोणीत १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले आणि २००३ मध्ये तेथे अभिमत विद्यापीठ आले. राहुरीला १९६८ पासून महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. एकीकडे खासगी विश्वस्त संस्थेने उभारलेले शिक्षण, दुसरीकडे शासनाच्या अनुदानावर चालणारे संशोधन. भारताच्या उच्च शिक्षणाचे हे दोन्ही प्रवाह कोल्हारच्या पालकाला घरबसल्या दिसतात. परंतु या प्रवाहांत पैसा कोठून येतो आणि कोठे जातो, हे त्याला समजावून सांगणारा पत्रकार मात्र त्याच्या वृत्तपत्रात क्वचितच भेटतो.

आपल्याकडे शिक्षणाची बातमी म्हणजे निकाल, प्रवेशाच्या याद्या आणि पदवीदान समारंभ. अमेरिकेत 'द क्रॉनिकल ऑफ हायर एज्युकेशन' हे केवळ उच्च शिक्षणाला वाहिलेले नियतकालिक १९६६ पासून निघते. विद्यापीठांची अंदाजपत्रके आणि संशोधनावरील खर्च यांचा मागोवा घेण्यात तेथे पत्रकार उभे आयुष्य वेचतात. हे ऐकून कोणाला ती पाश्चात्त्यांची मिरासदारी वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही.

ही परंपरा महाराष्ट्राची आहे. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेतील एक शिक्षक. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून त्यांनी इंग्रज सरकारच्या हिशेबांची चिरफाड केली. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे नामदार गोखल्यांनी दिलेल्या साक्षीमागे जोशींच्याच आकड्यांचे बळ होते. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पाहण्यांतून ग्रामीण अर्थव्यवस्थेचा अभ्यास केला. विठ्ठलराव विखे पाटलांच्या खांद्याला खांदा लावून प्रवरेचा सहकारी साखर कारखानाही उभारला. आणि धरमपालजींनी १९८३ च्या 'द ब्युटिफुल ट्री' या ग्रंथात मद्रास इलाख्यातील इंग्रज जिल्हाधिकाऱ्यांच्याच नोंदी मांडून दाखवले, की भारतात शाळा नव्हत्या आणि बहुजनांना शिक्षणाची दारे बंद होती, हा प्रचार टिकणारा नाही. त्या नोंदी दीडशे वर्षे दप्तरात पडून होत्या. त्या वाचणारा कोणीतरी हवा होता.

आज दप्तरे पूर्वीपेक्षा कितीतरी खुली आहेत. याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीतून अण्णा हजारेंनी उभारलेल्या लढ्यामुळे राज्याला माहितीच्या अधिकाराचा कायदा मिळाला. २००५ मध्ये देशाचा कायदा आला. २०१६ पासून राष्ट्रीय क्रमवारीत सहभागी होणाऱ्या संस्था आपला खर्च, अध्यापकसंख्या आणि संशोधन प्रकल्पांचा निधी कळवतात. राज्यात १९८३ नंतर विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे पेव फुटले. त्यांच्या शुल्कासाठी २०१५ च्या कायद्याने नियामक प्राधिकरण आले. कागद आहेत, कमतरता आहे ती ते वाचणाऱ्या डोळ्यांची.

हे न वाचण्याची किंमत कोण मोजतो? मुलीच्या शुल्कासाठी एकरभर रान गहाण टाकणारा बाप मोजतो. २०२४ मध्ये राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क माफ केले. निर्णय स्तुत्य आहे. पण प्रतिपूर्तीची रक्कम संस्थेला वेळेवर मिळते का, आणि तोवर मुलीकडून पैसे मागितले जातात का, हे आकड्यांनिशी तपासल्याखेरीज त्या निर्णयाचे यश कळणार कसे?

प्रश्न राष्ट्राच्या सामर्थ्याचाही आहे. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च सुचवला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्याचाच पुनरुच्चार केला. संशोधन व विकासावरील आपला खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अवघा ०.६४ टक्के होता. चीन दोन टक्क्यांच्या पुढे गेला आहे, इस्रायल पाचांच्या. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत पन्नास हजार कोटींचे लक्ष्य आहे, आणि त्यातील मोठा वाटा उद्योगजगताकडून अपेक्षित आहे. तो येतो की नाही, याचा पाठपुरावा घोषणा देऊन होत नाही. वर्षानुवर्षे एकच वही उघडून बसणारा माणूस त्यासाठी लागतो.

सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून हा हिशेब मागू नये, असे काहींना वाटेल. आम्हांला ते मान्य नाही. किंबहुना आपल्या कार्यकर्त्यांनी चालवलेल्या शिक्षणसंस्थांनी आपले ताळेबंद सर्वप्रथम लोकांपुढे ठेवावेत. गुरुदक्षिणेची पै न् पै चोख ठेवणाऱ्यांना हे अवघड नाही. स्वच्छ हिशेबाचा आग्रह घरापासून सुरू झाला, तरच तो इतरांकडे धरण्याचा नैतिक अधिकार उरतो.

पदवी घेऊन 'पुढे काय?' असे विचारणारी मुले-मुली कोल्हारसारख्या प्रत्येक गावात आहेत. वाणिज्य शिकलेल्याला ताळेबंद वाचता येतो, विज्ञान शिकलेल्याला आलेख कळतो, कला शाखेच्या पदवीधराजवळ भाषा असते. यांतील कोणीतरी या वाटेने जावे. वाट झगमगाटाची नाही, वेतनही बेताचेच. पण संपादकांनी अशा एकेका तरुणाला पाच वर्षे एकाच विषयावर टिकू दिले, आणि वाचकांनी त्याचे लेखन मागून वाचले, तर बापाने गहाण टाकलेल्या रानाचा जाब विचारणारे कोणीतरी या समाजात उभे राहील. हेही राष्ट्रकार्यच आहे.