"काका, तो काही करत नाही!"

शनिवार-रविवारी आमच्या तिकोणा पेठेत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य कोणतं, सांगू? "काका, घाबरू नका, तो काही करत नाही!" हे वाक्य पन्नास पावलं मागून येतं. तोवर कुत्रा आपल्या छातीवर पुढचे दोन पाय ठेवून उभा असतो. पट्टा नसतो असं नाही. असतो, पण मालकाच्या खांद्यावर, उपरण्यासारखा!

पवना धरणाच्या काठाला बंगले झाले, तंबू आले, गडावर येणारे वाढले. येऊ द्या. कुत्रीही आणा, मला आवडतात. त्या सात-आठ महिन्यांच्या दांडगोबाशी माझं भांडण नाहीच. वयच तसं. आठवी-नववीची पोरं मी आयुष्यभर सांभाळली आहेत. अंगात जोर आलेला आणि कानात वारं शिरलेलं. भांडण आहे ते मोकळं सोडण्यालाच प्रेम समजणाऱ्या धन्याशी.

'काही करत नाही' म्हणजे चावत नाही, एवढंच ना? पण शेळ्यांमागे धावतो. त्याला तो खेळ वाटतो, शेळीला वाटत नाही. गाभण शेळी अशी उधळली तर गाभडू शकते, आणि जिच्या चारच शेळ्या आहेत तिचं वर्षाचं गणित तिथेच कोलमडतं. तोवर तुमची गाडी पुण्याला पोचलेली असते. गडाच्या शेवटच्या पायऱ्या तर उभ्या आणि अरुंद. तिथे माकड दिसलं आणि कुत्रा उसळला, तर? माझ्या वयाच्या माणसाचा खुबा मोडायला दात लागत नाहीत हो, धक्का पुरतो.

"गावातली कुत्री मोकळीच असतात की!" असतात. त्यांनाही रेबीजची लस हवी, बंदोबस्त हवा, कबूल. पण ती शेळ्यांतच लहानाची मोठी झालेली. फ्लॅटमधलं पिल्लू शेळी पहिल्यांदाच बघतं. धनगराचं कुत्रं एका हाकेत मागे फिरतं. तुमचं फिरतं का? मग दोरी हातात हवी.

आणि शिकवणं काही अवघड नाही, वेळ मात्र लागतो. आधी घरातच पट्ट्याची सवय, पाच-दहा मिनिटं. मग रिकामी गल्ली. दोरी ताणली की आपण थांबायचं, सैल झाली की चालायचं, शेजारून नीट चालला की लगेच खाऊ. ओढून पुढे जायला मिळालं तर तो ओढायलाच शिकतो. सहा फुटी साधी दोरी घ्या; ती सरसर सुटत जाणारी चकरीची दोरी गर्दीत कुचकामी. हे काहीच न करता थेट गडावर आणणं म्हणजे बाराखडी न शिकवता पोराला बोर्डाच्या परीक्षेला बसवणं.

कायदाही आहे बरं. आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा जुन्या दंडविधानातही गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. पण शेळ्या सोडून चौकीवर कोण जाणार?

"मग आम्ही यायचंच नाही का?" असं परवा एका तरुणाने मला विचारलं. यायचं की! फक्त पट्टा गाडीत बसल्या बसल्या अडकवायचा, दार नंतर उघडायचं.