मागाला अनुदान, माणसाला काय?

परदेशी मालामुळे कापडाचा धंदा बसला की मालेगाव-भिवंडीत दोन गोष्टी हमखास घडतात. कारखानदारांचे शिष्टमंडळ मुंबई-दिल्लीला जाते आणि मजूर गावाला जातो. शिष्टमंडळ परतताना काहीतरी घेऊन येते. कधी व्याजात सूट, कधी विजेच्या दरात सवलत, कधी आयातीवर नवे निर्बंध. मजूर परततो तेव्हा माग सुरू झालेला असतो, नाहीतर भंगारात गेलेला असतो. मधल्या महिन्यांत त्याच्या घरची चूल कशी पेटली, हे विचारणारा कुणी नसतो. आमचे भांडण या गोष्टीशी आहे.

धंदा बसण्याची कारणे अनेक असतात. सुताचे भाव चढतात, वीज महागते, दलाल कापडाचा भाव पाडतो. पण आयात हेही एक कारण आहे, आणि ते सरकारच्या सहीने येते. २०११ साली भारताने साफ्टा कराराखाली बांगलादेशच्या तयार कपड्यांवरचे आयात शुल्क माफ केले. त्या कपड्यांत चीनचे कापडही भरपूर असते. असा शर्ट इथल्या दुकानात खपला की भिवंडीचे कापड गोदामात पडून राहते. मे २०२५ मध्ये सरकारने हेच कपडे जमिनीच्या मार्गाने आणायला बंदी केली आणि फक्त न्हावा शेवा व कोलकाता ही बंदरे खुली ठेवली. म्हणजे दार कधी उघडायचे आणि कधी लोटायचे, हे सरकारला कळते. दारात चेंगरलेला माणूस तेवढा दिसत नाही.

ढाक्यात शिवणकाम करणाऱ्या मुलींना आम्ही शत्रू मानत नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक कामगार मेले, ते आमच्यासारखेच कष्टकरी होते. करार करू नका, असेही आमचे म्हणणे नाही. करार देशाच्या भल्यासाठी असेल, तर त्याचा तोटा एकट्या मजुराने का सोसावा, एवढेच आम्ही विचारतो.

अमेरिकेत हा प्रश्न १९६२ सालीच विचारला गेला. व्यापार खुला करताना केनेडी सरकारने आयातीमुळे काम गेलेल्यांना मदत देण्याची तरतूद कायद्यात केली. पहिली सात वर्षे एकही अर्ज मंजूर झाला नाही, म्हणून १९७४ साली अटी सैल केल्या. एका कारखान्याचे तीन कामगार मिळून अर्ज करू शकत. मालकानेच अर्ज करावा अशी अट नव्हती. मंजुरी मिळाली की जादा भत्ता आणि नवे काम शिकण्याचा खर्च मिळे.

याचा अर्थ अमेरिकेची आरती ओवाळावी असा नाही. १९९४ नंतर, नाफ्टा कराराच्या काळात, टेक्सासच्या एल पासो शहरातले शिवणकारखाने एकामागून एक बंद पडले. काम गेलेल्या बहुतेक बाया मेक्सिकन वंशाच्या, स्पॅनिश बोलणाऱ्या, कमी शिकलेल्या. अनेकींच्या वाट्याला इंग्रजीचे वर्ग आले. वर्ग संपले, भत्ता संपला, काम मिळाले नाही. जुलै २०२२ पासून तर नवे अर्ज मंजूर करणेच थांबले. गरिबाची भाषा न जाणणारी मदत गरिबापर्यंत पोचत नाही, हा त्यातला धडा आम्ही घ्यायला हवा.

आमच्याकडे काहीच नव्हते, असे नाही. १९८६ साली बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन योजना आली. पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. २०१७ साली ती राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन झाली, आणि ती योजना ईएसआयच्या विमेदारांसाठी आहे. यंत्रमागावरच्या किती मजुरांकडे ते कार्ड आहे? शेड एक, माग चार भावांच्या नावांवर, हजेरी मुकादमाच्या वहीत, मजुरी मीटरवर. काम होते याचाच कागद नाही, मग काम गेले हे तो कसे सिद्ध करणार? घरी बसून कांड्या भरणारी त्याची बायको तर त्या वहीतही नसते. मुस्लिम कष्टकरी मोठ्या संख्येने असंघटित आणि घरबसल्या कामांत अडकला आहे, हे सच्चर समितीने २००६ सालीच सांगितले होते.

पैसा नाही म्हणावे, तर तेही खरे नाही. १९९९ पासून तंत्रज्ञान सुधारणेसाठी व्याजात सवलत मिळाली. २०२१ साली उत्पादनाशी निगडित योजनेत कापड उद्योगासाठी १०,६८३ कोटी रुपये ठेवले, पण त्यासाठी तेव्हा गुंतवणूक किमान १०० कोटींची हवी होती. बारा मागांचा मालकही त्या दारातून आत जाऊ शकत नाही, तिथे मजुराची काय कथा!

आता थोडे घरचे. या गावांत मजूर आमचे आहेत, तसे अनेक मालकही आमचेच आहेत. जुम्याला दोघे एकाच सफमध्ये उभे राहतात. मजुराची मजुरी वेळेवर द्या, ही प्रेषितांची शिकवण दोघेही खुतब्यात ऐकतात. नमाज संपली की एक शिष्टमंडळात जातो, दुसरा उधारी मागायला. रमजानमध्ये जकात दिली की आपले काम झाले, असे आमच्या कारखानदारांना वाटते. जकात हा गरिबाचा हक्क आहेच. पण हजेरीपटावर नाव हा मजुराचा हक्क आहे, आणि एकाने दुसरा फिटत नाही. हे लिहिल्याबद्दल काही जण आमच्यावर रागावतील. रागावोत.

आमची मागणी साधी आहे. मागावरच्या प्रत्येक मजुराचे आणि कांडी भरणाऱ्या प्रत्येक बाईचे नाव नोंदवा. कुठल्याही तीन मजुरांना उर्दू, हिंदी किंवा मराठीत अर्ज करता यावा. आयातीमुळे काम गेल्याचे दिसले, तर वर्षभर निम्मी तरी मजुरी त्यांच्या हातात पडावी. ज्या मालकाकडे मजुरांची नोंद नाही, त्याला अनुदान नको.

अनुदान मागताना मालक मागांची संख्या लिहितोच. तिच्याखाली मजुरांची नावे लिहायला आणखी एक पान लागेल. सरकारने ते पान जोडावे, आणि आमच्या कारखानदारांनी ते भरावे.