प्रवासातील कॉफी आणि रसिकतेची कसोटी

आमच्या सुशिक्षित वर्गात गेल्या दहाबारा वर्षांत एक नवीनच तीर्थयात्रा सुरू झाली आहे. पूर्वी परगावी जाणारा गृहस्थ तेथील देऊळ कोणते, घाट कोठे, उतरावयास ओळखीचे घर कोणाचे, ह्याची चौकशी करी. आता तो, व त्याहूनही अधिक त्याची मुलेबाळे, घर सोडण्यापूर्वीच त्या शहरातील स्वतंत्र कॉफीगृहांची यादी करून ठेवितात. बंगळूर असो, म्हैसूर असो, मुंबई असो की पुणे असो, सामान खोलीवर टाकले की पहिली फेरी तिकडे. ह्या छंदाविषयी समाजात दोन पक्ष पडले आहेत. एक भक्तांचा व दुसरा निंदकांचा. आमचे भांडण दोघांशीही आहे. मात्र निंदकांशी ते थोडे व भक्तांशी पुष्कळ आहे, हे आरंभीच सांगून टाकणे बरे.

निंदकांचे म्हणणे असे की, दोनतीनशे रुपये मोजून कडू पाणी पिणे हा निव्वळ डामडौल होय, आणि एका पेल्याची इतकी चर्चा करणे हे रिकामपणाचे लक्षण होय. ह्यांतील दुसरे विधान तर इतिहासालाच सोडून आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक प्रभृतींना चहा देण्यात आला, त्यावरून केवढे ग्रामण्य माजले व प्रायश्चित्ताची केवढी भवति न भवति झाली, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तो वाद चहाच्या चवीचा नव्हता. कोणाच्या घरी, कोणाच्या हातचा व कोणाच्या पंक्तीस बसून तो घेतला, ह्याचा होता. कोणी कोणाबरोबर बसावे, हा प्रश्न समाज पेल्यातच सोडवीत किंवा अडवीत आला आहे. तेव्हा पेल्याची चर्चा क्षुद्र आहे असे निदान महाराष्ट्रीयाने तरी म्हणू नये.

निंदकांस दुसरे उत्तर असे की, ह्या नव्या कॉफीगृहांनी एक खरोखर चांगली गोष्ट केली आहे. बाबा बुदन ह्यांनी सतराव्या शतकात येमेनातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लाविल्या, अशी परंपरा सांगते. तेव्हापासून ह्या देशात कॉफी पिकत आली. पण ती पिकविणाऱ्याचे नाव पिणाऱ्याच्या कानावर कधी गेले नाही. १९४२ च्या कायद्याने तर बागाइतदाराचा सारा माल कॉफी मंडळाच्या एका सामाईक साठ्यात जाऊ लागला. युद्धामुळे परदेशची गिऱ्हाइके तुटली असता ह्या व्यवस्थेने बागाइतदार तगला, हे खरे. पण उत्तम व सामान्य माल एकाच ढिगात पडल्यावर कोणाची बाग ती कोणती, हे गिऱ्हाइकास कळावे कसे? १९९० नंतर ही बंधने सैल होत गेली व १९९६ पर्यंत बागाइतदार आपला माल आपल्या नावाने विकावयास मोकळा झाला. तिकडे अमेरिकेत एर्ना नुटसेन ह्या बाईंनी १९७४ साली 'स्पेशॅलिटी कॉफी' हा शब्द रूढ केला होताच. शंभरांपैकी ऐंशी गुण चवीच्या परीक्षेत मिळवील ती कॉफी त्या पदवीस पात्र, असा दंडक पुढे ठरला. ह्या दोन्ही प्रवाहांचा संगम होऊन २०१३ साली दिल्लीत निघालेल्या ब्लू टोकाईसारख्या मंडळींनी पुडीवर बागेचे नाव व बी भाजल्याची तारीख छापण्यास आरंभ केला. 'हे कोणी पिकविले?' हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या तोंडी घालणे ही काही लहान कामगिरी नव्हे. तो डामडौल नसून व्यापाराला लाविलेले सभ्यतेचे वळण आहे, असे आम्ही मानतो.

आता भक्तांकडे वळू. त्यांचा दोष असा की, जो प्रश्न ह्या कॉफीगृहांनी त्यांस शिकविला तो ते कॉफीगृहाच्या उंबरठ्यातच विसरून येतात. इथिओपियातील यिर्गाचेफे कोणत्या डोंगरात आहे हे त्यांस पाठ; परंतु आपल्याच अमरावती जिल्ह्यात, मेळघाटच्या माथ्यावर, चिखलदऱ्यास कॉफीची झाडे आहेत हे सांगितले की ते चकित होतात. शिवाय ज्या दुकानांस ते 'स्वतंत्र' म्हणतात त्यांपैकी किती दुकाने त्या गावची असतात? तीच उघडी विटांची भिंत, तेच लोंबते दिवे, तीच पाटी, तोच पदार्थ. बंगळुरात डोळे बांधून एखाद्यास आत नेले व पुण्यात सोडले तरी त्यास फरक कळावयाचा नाही. कॉफी मंडळाने आपली कॉफीगृहे बंद करावयास घेतली, तेव्हा १९५७ साली बंगळूर व दिल्ली येथील नोकरवर्गाने सहकारी संस्था काढून ती स्वतः चालविली. स्वतंत्र हा शब्द तेथे शोभतो, कारण पेला आणून देणारा मनुष्यच दुकानाचा धनी होता. आमच्या यात्रेकरूंच्या याद्यांत अशा दुकानांस स्थान क्वचित मिळते. तेथील खुर्च्या जुन्या असतात ना!

हा दोष किती खोल आहे हे पाहावयाचे असेल तर मराठवाड्यातील सेनगावचे उदाहरण घ्यावे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यातील हा वाशिम जिल्ह्यास लागून असलेला तालुका. रिसोडकडून नर्सीस नामदेवांच्या जन्मस्थानी अथवा पुढे औंढ्यास नागनाथाच्या दर्शनास जाणारी शहरी मंडळी ह्या बाजूने येतात आणि परत गेल्यावर एकच तक्रार करितात: वाटेत धड प्यावयास काही मिळत नाही, थांबण्याजोगे काही नाही. ह्या 'काही नाही' वरच आमचा कटाक्ष आहे.

रस्त्यावरच्या हॉटेलातील चहा उत्तम असतो असा खोटा कैवार आम्ही घेत नाही. भुकटीसारखी पत्ती, भरपूर साखर व पुनःपुन्हा आलेला कढ, हे त्याचे स्वरूप आहे. तथापि ज्या गुणांसाठी आमचे रसिक शेकडो कोस जातात, म्हणजे धनी स्वतः शेगडीशी उभा असणे, दुकानाची दुसरी शाखा नसणे, गिऱ्हाईक नावाने ओळखले जाणे, ते सारे गुण त्या पत्र्याच्या छपराखाली आढळतात. पण ते राहो. कॉफीहून मोठी गोष्ट पुढेच आहे. हा जिल्हा हळदीचा आहे. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. जूनच्या सुमारास कंद लावावयाचे, आठनऊ महिने शेत सांभाळावयाचे, मग काढणी, शिजवणी, उन्हात वाळवणी व शेवटी पॉलिश. ओल्या मालाचा वाळून जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा हाती लागावयाचा. हळकुंड निराळे, जेठा गड्डा निराळा. शिजविण्यात चूक झाली की रंग गेला. कॉफीच्या बीवर होणाऱ्या ज्या संस्कारांचे वर्णन ऐकून आमचे रसिक माना डोलवितात, त्यांहून हे संस्कार कोणत्या बाबतीत कमी आहेत? आणि तरीही ही हळद बाजारात ढिगाने पडते, गिरणीत दहा गावच्या मालात मिसळते, व पुण्यामुंबईच्या स्वयंपाकघरात निनावी होऊन येते. कॉफीची १९४२ नंतर जी स्थिती होती ती हळदीची आज आहे. परंतु जो गृहस्थ कॉफीगृहात बागेची उंची विचारतो, तोच गृहस्थ रोज घरच्या आमटीत पडणारी हळद कोणत्या शेतातली, हे जन्मात विचारीत नाही. आणि ती जेथे पिकते त्या रस्त्याने मोटार हाकीत 'येथे काही नाही' असे म्हणतो!

ह्यावर असा आक्षेप येईल की, एकट्यादुकट्या प्रवाशाच्या विचारण्याने शेतकऱ्याचा भाव वाढत नाही. कबूल. पण कॉफीचा भाव तरी कोणी एकाने वाढविला? कायदा सुटला, आणि विचारणारी गिऱ्हाइके हजारांनी निर्माण झाली, तेव्हा पुडीवर नाव आले. हळदीस तर विक्रीची ती जुनी बेडीही नाही, आणि मानांकनही मिळाले आहे; उणीव आहे ती विचारणाऱ्याची. दुसरा आक्षेप असा की, रसिकता ही चैन आहे, तिच्यावर न्यायाचे ओझे लादू नये. चैनच असेल तर तिचा हिशेबही पाहावा. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दिवसाचा दर २९७ रुपये होता. शहरातील एक पेला आणि शेतातील एक दिवस ह्यांची किंमत जेथे जवळजवळ सारखी भरते, तेथे पेल्यामागच्या माणसाची आठवण ही सजावटीची बाब राहू शकत नाही. बागेचे नाव छापल्याने पेला महाग होतो व तो महागपणा आम्ही आनंदाने देतो. मग गावाचे नाव छापलेली हळद चार पैसे अधिक देऊन घेताना आमचा हात का आखडतो?

सेनगावात शहरी थाटाचे कॉफीगृह निघावे अशी आमची मुळीच मागणी नाही. निघाले तर ते गावचे असावे, एवढेच. आमची मागणी प्रवाशांकडे आहे. त्यांनी कॉफीगृहांच्या यात्रा खुशाल कराव्या. पण तेथे शिकलेला प्रश्न बरोबर घेऊन पुढच्या गावास जावे. हॉटेलात चहा घ्यावा, हळद कोणाकडे चांगली मिळते ते विचारावे, वर्षाची हळकुंडे तेथूनच न्यावीत व घरी दळून आणावीत. आणि परत आल्यावर आपल्या वाण्यासही विचारावे की, तुझ्या पुडीवर गावाचे नाव का नाही? वाणी प्रथम हसेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारले म्हणजे तो आपल्या अडत्यास विचारील, आणि अडत्या कोणास विचारील ते सेनगावच्या शेतकऱ्यास सांगावयास नको.