मंत्रिपद दीड वर्षाचे, आमदारकी एकवीस वर्षांची

मालेगावच्या यंत्रमागाचे कापड विकण्यात आमची उमर गेली. म्हणून साथी निहाल अहमद यांच्या कारकिर्दीचा हिशेब आम्ही व्यापाऱ्याच्या खातेवहीप्रमाणेच मांडतो.

जमेची बाजू मोठी आहे. १९७८ ते १९९९ ते मालेगावचे सलग आमदार होते. १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद सरकारात मंत्री झाले. फेब्रुवारी १९८० मध्ये ते सरकार बरखास्त झाले. खुर्ची गेली, पण या समाजवादी माणसाने आपले गाव सोडले नाही. १९८६ मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले, पुढे मालेगाव महापालिकेचे पहिले महापौर. २०१६ मध्ये त्यांचा इंतकाल झाला.

आता नावेची बाजू. मालेगावचे बरेचसे कापड आजही कोरेच बाहेरगावी जाते आणि रंगाई-छपाईचा नफा दुसऱ्यांच्या गल्ल्यात पडतो. ही रक्कम सगळी निहालभाईंच्या नावे टाकायची काय? ते इन्साफाचे होणार नाही. दीड वर्षात कोणता मंत्री कारखानदारी उभी करील? आणि आम्ही तरी त्यांच्याकडे काय मागितले? वीज गेली की तक्रार, सूत महागले की गाऱ्हाणे. रंगाईसाठी पाणी, जागा व सांडपाण्याची सोय मागणारा अर्ज घेऊन आम्ही कधी गेलोच नाही.

व्यापारी बांधवांनो, आपला माणूस मंत्री झाला म्हणजे धंदा आपोआप सुधारत नाही. पुढचा कोणी मंत्री होईल, त्याआधी आपला अर्ज तयार हवा.