चिल्ला जाडा आणि बंद खोली



हिवाळ्यावर निबंध लिहायला दिला, की आमच्या वर्गातल्या मुली पहिल्याच ओळीत 'गुलाबी थंडी' लिहून मोकळ्या होतात. त्यांचं काही चुकत नाही. आपल्याकडे थंडी म्हणजे हुरडा, कोवळं ऊन आणि गाजराचा हलवा. म्हणून एका वाचक भगिनीचं पत्र आलं, तेव्हा सविस्तर उत्तर द्यावंसं वाटलं. त्यांच्या जावयांची बदली कानपूरला झाली आहे, लेकीचं बाळ सात महिन्यांचं. 'दोन स्वेटर आणि एक शाल दिली की पुरे ना?' असं त्या विचारतात.

नाही हो, नाही पुरणार. कानपूरला आम्ही तीन हिवाळे काढले आहेत, म्हणून सांगते.

थंडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ येतो. कानपूर, लखनौ, पाटणा या सपाट मुलखात बर्फ पडत नाही, धुकं पडतं. तेही आपल्या घाटातल्यासारखं क्षणात येऊन क्षणात जाणारं नव्हे. मधूनच पाऊस शिंतडून गेलेला असतो, गव्हाला पाणी दिलेलं असतं, त्यामुळे जमीन ओली. वारा पडलेला, रात्र लांब. जमीन निवत जाते आणि तिच्यावरची दमट हवा तिथल्या तिथे धुकं होऊन बसते. त्यात धुराची भर. पंजाबपासून बिहारपर्यंत एकच पांघरूण! उपग्रहाच्या छायाचित्रांत हिमालयाच्या पायथ्याशी हा पांढरा पट्टा स्पष्ट दिसतो. वर लख्ख ऊन असतं, पण ते खाली पोचत नाही.

खरी मेख इथेच आहे. निफाडला पारा उतरला की आपल्या वर्तमानपत्रात बातमी येते, पण निफाडला नऊ वाजता छान ऊनही पडतं. तिकडे दिवसच उबत नाही. दिल्लीत ३० डिसेंबर २०१९ रोजी दिवसाचं कमाल तापमान ९.४ अंश होतं. कमाल बरं का, भर दुपारचं! या ओल्या, हाडांत शिरणाऱ्या गारठ्याला तिकडचे लोक 'गलन' म्हणतात. सूर्य धनु राशीत असतानाचे १५ दिवस आणि मकरेतले २५, असा ४० दिवसांचा 'चिल्ला जाडा' ते मोजतात. म्हणजे आपण तिळगूळ वाटतो तेव्हा त्यांची निम्म्याहून जास्त थंडी अजून बाकी असते.

सकाळी दहाला खिडकीतून पाहावं तर समोरचा कडुलिंब नाही, रस्ता नाही, नुसतं राखाडी. गावाबाहेर शिसवीची झाडं पानं गाळून खराट्यासारखी उभी. वीटभट्टीचं धुराडं अर्धंच दिसतं. मोहरीचा पिवळा रंग दहा पावलांवर विझतो. माणूस दिसत नाही, त्याचा खोकला ऐकू येतो. रेल्वेवाले सिग्नलच्या अलीकडे रुळावर फटाका बांधतात. चाकाखाली तो वाजला की चालकाला कळायचं, सिग्नल जवळ आला. गाड्या कित्येक तास रखडतात, तेव्हा त्या दिवसांत प्रवास असेल तर दशम्या दुप्पट बांधा. मला हा सगळा देखावा पहिल्या वर्षी भकास वाटला आणि तिसऱ्या वर्षीही वाटला, खोटं कशाला सांगू? आमच्या शेजारीणबाई मात्र म्हणायच्या, थंडी पडली नाही तर गहू कसा भरेल?

घरंही थंडीसाठी बांधलेली नसतात. जुनी घरं मे-जूनमधली लू डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली. उंच छत, दगडी फरशी, मधे अंगण. उन्हाळ्यात ती सुखाची, जानेवारीत मात्र फरशीवर पाय ठेववत नाही. धुणं तीन-तीन दिवस वाळत नाही, दही लागत नाही (पातेलं कणकेच्या डब्यात पुरून वर कांबळं घाला, लागतं). मग बाई काय करते? दारं-खिडक्या लावते, फटींत चिंध्या कोंबते आणि कोळशाची अंगीठी आत घेते.

या पत्रातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण हे लेकीला नक्की सांगा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपायचं नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीनं त्याला धरून ठेवतं. झोपलेला माणूस खोकत नाही, जागा होत नाही. उत्तरेत दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात आणि त्यांत पुष्कळदा कुटुंबंच्या कुटुंबं असतात. 'धूर संपलाय, आता नुसते निखारे आहेत' ही समजूत घातकी आहे. निखाऱ्यांतूनही तो वायू निघतो. शेजारी पाण्याचं भांडं ठेवलं की वायू शोषला जातो असं सांगणारी एक तरी वडीलधारी बाई भेटतेच. तो शोषला जात नाही. घरात दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं, मळमळलं, गरगरलं, तर आधी सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत यायचं आणि लगेच डॉक्टर गाठायचा. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचंही हेच. तो धोका तर आपल्या पुण्या-नाशकातही आहे.

उबेसाठी विजेचा हीटर बरा, पण रजईपासून लांब आणि झोपण्याआधी बंद. बाळाला एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ कपडे घालावेत, वर टोपी, पायमोजे. मोठ्यांची जड रजई त्याच्यावर टाकू नये, तोंडावर आली तर त्याला बाजूला करता येत नाही. मालीश-आंघोळ सकाळी नको, ऊन निघेल त्या दुपारी. नाही निघालं तर अंग पुसून घ्यावं, बाळ काही मळत नाही.

रजया इथून नेण्याचा खटाटोप करू नका. तिकडे गल्लीतला पिंजारी समोर कापूस पिंजून भरून देतो. आणि फेब्रुवारीत चार दिवस ऊन पडलं म्हणून त्या लगेच पेटीत घालू नयेत, होळीपर्यंत बाहेर असू द्याव्यात.